बेचाळीस हजारांचे यंत्र आणि वारज्याची एक खोली : घरातील हवेचे एक प्रकरण

गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने आणि मेहुण्यांनी ४२,९०० रुपयांचा एअर प्युरिफायर बारा हप्त्यांवर घरी आणला, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा मला फोन आला : “दादा, हे मशीन खरंच काही करतं का, की आम्ही शोभेचा पंखा विकत घेतलाय?” हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता, कारण खरेदीच्या आधी तिने माझे मत विचारले होते आणि मी ते फोनवरच, अर्धवट लक्ष देऊन सांगितले होते. भोसरीच्या कारखान्यांमध्ये धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणा बसवण्याचे काम मी अठरा वर्षे करतो आहे. तरीही माहितीपत्रकावर फिल्टरचा दर्जा ‘एच १३’ लिहिलेला पाहिला आणि “चांगलाच आहे, घ्या” असे सांगून मोकळा झालो. कारखान्यात कोणी मला खोलीचे माप न सांगता यंत्र विचारले असते, तर मी त्याला आधी टेप घेऊन पाठवले असते.

घर आणि तक्रार

घर पुण्यात, वारज्याला, मुंबई–बंगळुरू महामार्गाच्या सेवा रस्त्यापासून शंभरेक मीटरवर, दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन बेडरूम, हॉल आणि त्याला उघडे जोडलेले स्वयंपाकघर, आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी अशी रचना आहे. शेजारच्या प्लॉटवर वर्षभरापासून इमारतीचे काम चालू असून खोदकामाचे डंपर संध्याकाळनंतर ये-जा करतात. घरात चार माणसे : बहीण, मेहुणे, त्यांच्या आई आणि आठ वर्षांचा भाचा. भाच्याला आदल्या हिवाळ्यापासून सकाळी शिंकांची माळ लागत असे आणि रात्री दीड-दोनच्या सुमारास कोरडा खोकला येत असे. त्याच्या डॉक्टरांनी केलेल्या त्वचेवरील ॲलर्जी चाचणीत घरातल्या धुळीतील सूक्ष्म किड्यांना, म्हणजे डस्ट माइटला, ठळक प्रतिक्रिया आली होती. हा कागद फाइलमध्ये होता, परंतु यंत्र निवडताना तो कोणी बाहेर काढला नाही.

दुकानात जे प्रात्यक्षिक झाले ते मेहुण्यांनी मला जसेच्या तसे सांगितले. विक्रेत्याने यंत्राच्या तोंडाशी काडी ओढून विझवली, पडद्यावरचा आकडा लाल होऊन तीनशेच्या वर गेला आणि दोन मिनिटांत हिरवा होऊन दहावर उतरला. पाहणाऱ्याला हे पटते. प्रत्यक्षात त्यातून एवढेच सिद्ध होते की यंत्रातला संवेदक चालू आहे आणि यंत्र स्वतःच्या भोवतीची हातभर हवा लवकर साफ करते. दहा फूट लांब पलंगावर झोपलेल्या मुलाच्या नाकाशी काय चालले आहे, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

बहिणीकडे गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती अशी की यंत्र हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी होते. एवढी महाग वस्तू आतल्या खोलीत ठेवायची कशी, हा त्यामागचा साधा विचार, आणि तो आपल्याकडे फ्रीजपासून चालत आलेला आहे. यंत्र ‘ऑटो’वर चालत होते, म्हणजे स्वतःच्या संवेदकाला हवा बरी वाटली की आपोआप मंद होत होते. गॅलरीचे दार दिवसभर उघडे असे. मुलगा आतल्या बेडरूममध्ये झोपत होता आणि त्या खोलीची गेटाच्या बाजूची खिडकी ‘मोकळी हवा हवी’ म्हणून चार बोटे उघडी ठेवलेली असे. सहा आठवडे यंत्राने जे काही गाळले असेल, त्याचा त्या मुलाशी फारसा संबंध आलेला नव्हता.

मोजमाप

मी माझ्याकडचा हातात मावणारा धूलिकण-मापक आठवडाभर त्यांच्याकडे ठेवला. अशी स्वस्त उपकरणे लेझरच्या प्रकाशाचे विखुरणे मोजतात आणि हवेत दमटपणा वाढला की आकडा फुगवून दाखवतात, त्यामुळे पहाटेच्या धुक्यातल्या नोंदी मी हिशेबात धरल्या नाहीत. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या, हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या ‘सफर’ प्रकल्पाचे आकडे सहज पाहता येतात आणि शहराचा कल समजण्यासाठी ते उत्तम आहेत. पण ते केंद्राच्या जागचे असतात, तुमच्या खिडकीखालचे नसतात.

आकडे वाचण्यासाठी मोजपट्टी सांगितली पाहिजे. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण; मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार त्यांची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीच मर्यादा १५ वर आणली. डिसेंबरच्या त्या आठवड्यात गॅलरीत सकाळी ९० च्या आसपास, दुपारी दोन ते चार या वेळेत ४० ते ४५ आणि रात्री ८० च्या आसपास नोंदी आल्या. पुणे डोंगरांमधल्या खोलगट जागेत वसलेले असल्याने हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि धूर-धूळ खालीच साचते. दुपारी ऊन तापले की तो थर मोडतो. म्हणून पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, ही आपली जुनी समजूत हिवाळ्यातल्या शहरात उलटी पडते.

घरातले आकडे अधिक बोलके होते. खिडक्या उघड्या असताना आत-बाहेर जवळपास सारखेच. एक्झॉस्ट न लावता फोडणी दिली की हॉलमध्ये २५० च्या पुढे. संध्याकाळी साडेसातला देवघरात दोन उदबत्त्या आणि धूप, आणि त्याच वेळी सोफ्याखाली डासांची कॉइल. नदी फार लांब नसल्यामुळे वारज्यात डासांची कमतरता नाही. या तासाभरात मापक ३८० पर्यंत गेला, आणि देवघरापासून पाच फुटांवर मुलाचे अभ्यासाचे टेबल होते. डासांची एक कॉइल जळताना जेवढे बारीक कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. सिगारेटचे पाकीट ज्या घरात कोणी उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही, त्या घरात हे रोज चालू होते.

सर्वांत अनपेक्षित नोंद मात्र रात्री साडेअकराची होती. बाहेरचा आकडा ८० वर स्थिर असताना मुलाच्या खोलीत एकदम १६० झाले आणि तासभर तसेच राहिले. दुसऱ्या रात्रीही तेच झाले. तिसऱ्या रात्री मी खाली उतरून पाहिले, तर गेटाशी वॉचमनकाका शेकोटी पेटवून बसले होते. सुकी पाने, पॅकिंगच्या फळ्यांचे तुकडे आणि त्यात थोडे थर्माकोल. शेकोटीपासून सरळ वर, पंचवीस फुटांवर, ती चार बोटे उघडी खिडकी होती.

उदबत्तीची चाचणी

यंत्राच्या नावावर दोष ढकलण्यापूर्वी त्याची ताकद मोजणे न्यायाचे होते. माहितीपत्रकांत ठळक छापलेला ‘९९.९७ टक्के’ हा आकडा फिल्टरच्या कागदाचा असतो : ०.३ मायक्रॉनचे कण असलेली हवा त्यातून एकदा गेली तर एवढे कण अडतात. तो खोटा नसतो. परंतु खोलीची हवा किती लवकर साफ होते हे तासाला किती हवा त्या कागदातून जाते यावर ठरते, आणि त्याचे माप म्हणजे सीएडीआर, स्वच्छ हवा पुरवण्याचा दर. कागद ९९.९७ टक्क्यांचा असो वा ९९.५ चा, खोलीला फरक कळत नाही. दर निम्मा झाला तर मात्र लगेच कळतो. बहिणीच्या यंत्राच्या खोक्यावर फिल्टरचा दर्जा, हवेचा झोत किती फुटांपर्यंत पोहोचतो आणि ॲपमधील रंगांची संख्या हे सर्व होते, सीएडीआर नव्हता. मी फोनवर हेच विचारायला हवे होते.

मुलाची बेडरूम १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ फूट. म्हणजे १,१४० घनफूट किंवा सुमारे ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरावी असे धरले तर दर तासाला १६० घनमीटरचा सीएडीआर लागतो. खिडकी-दार बंद करून आणि छताचा पंखा एकवर ठेवून मी उदबत्ती लावली, मापक २४० वर आल्यावर ती विझवून बाहेर नेली आणि उशीवर ठेवलेल्या मापकाकडे पाहत बसलो. यंत्र बंद असताना २४० चे १२० व्हायला ७० मिनिटे लागली. बहिणीचे यंत्र सर्वाधिक वेगावर ठेवल्यावर २४० वरून २४ वर यायला २९ मिनिटे लागली. मग समोरच्या शेजाऱ्यांकडचे ११,५०० रुपयांचे, दिसायला कचऱ्याच्या डब्यासारखे यंत्र आणले. त्याने तेच काम १४ मिनिटांत केले, आणि मधल्या वेगावर २८ मिनिटांत. चाचण्या प्रत्येकी दोनदा केल्या. फरक एक-दोन मिनिटांचाच आला.

या वेळांवरून उलटे गणित केले तर महागड्या यंत्राचा दर तासाला १३५ घनमीटरच्या आसपास आणि शेजाऱ्यांच्या यंत्राचा ३०० च्या आसपास येतो. हॉल आणि स्वयंपाकघर मिळून २८० चौरस फूट, म्हणजे सुमारे ७५ घनमीटर. तिथे महागडे यंत्र पूर्ण वेगावरही तासाला दोनदासुद्धा हवा फिरवू शकत नव्हते, आणि गॅलरीचे दार उघडे असल्यावर हे गणित मांडण्यातही अर्थ नव्हता. डब्यासारख्या यंत्रात मोठा पंखा आणि चहूबाजूंनी फिल्टर एवढेच असते. सडपातळ, पाती न दिसणाऱ्या यंत्रात तीच हवा अरुंद वाटेने ढकलावी लागते, आणि देखणेपणाची किंमत हवेच्या प्रवाहात चुकवावी लागते. धूळ ओढणाऱ्या यंत्रणांमध्ये हा धडा आम्ही पहिल्या वर्षी शिकतो.

तरीही एका बाबतीत महागडे यंत्र खरोखर सरस होते. सर्वांत कमी वेगावर ते चालू आहे हे हात लावून पाहावे लागत असे. हा गुण किरकोळ नाही, कारण आवाजाला कंटाळून रात्री बंद केलेले यंत्र कितीही ताकदीचे असले तरी निरुपयोगी. पण त्या शांत वेगावर २४० चे २४ व्हायला १ तास ४० मिनिटे लागली. शेजाऱ्यांचे यंत्र कमीत कमी वेगावर ५५ मिनिटे घेत होते आणि त्याचा आवाज छताच्या पंख्यापेक्षा कमीच होता. मोठे यंत्र मंद चालवणे हे लहान यंत्र जोरात चालवण्यापेक्षा बरे, हा माझा यातला निष्कर्ष आहे.

दोन दावे राहिले. नव्या कपाटांच्या प्लायवुडमधून येणारे फॉर्मल्डिहाइड हे यंत्र काढून टाकते, असे विक्रेत्याने सांगितले होते. साधा सक्रिय कोळसा या वायूला नीट धरून ठेवत नाही. त्यासाठी रासायनिक प्रक्रिया केलेला किंवा उत्प्रेरकाचा थर लागतो, आणि या यंत्रात तसा थर आहे. तो दावा मी माझ्या मापकावर तपासू शकत नव्हतो, म्हणून त्याचे गुण मी कापले नाहीत. मात्र तीन वर्षे जुन्या कपाटांसाठी त्याचे मोल फारसे नाही. दुसरा दावा ॲलर्जीचा. धुळीतल्या किड्यांचे ॲलर्जीकारक कण तुलनेने जड असतात, गादी झटकली की उडतात आणि थोड्या वेळात पुन्हा खाली बसतात. हवेत नसलेली वस्तू कोणतेही यंत्र हवेतून गाळू शकत नाही. त्या मुलाचा मुख्य शत्रू त्याच्याच जुन्या कापसाच्या गादीत होता.

काय केले, आणि काय कळले नाही

यंत्र मुलाच्या खोलीत गेले. झोपण्याच्या तासभर आधी पूर्ण वेगावर आणि रात्री मधल्या वेगावर. खिडकी रात्री दहा ते सकाळी नऊ बंद, आणि दुपारी दोन ते चार सर्व खिडक्या सताड उघड्या, कारण प्युरिफायर कार्बन डायऑक्साइड काढत नाही आणि चार माणसांच्या घराला ताजी हवा लागतेच. गादी आणि उशी यांना घट्ट विणीची, चेनची आवरणे घातली, चादरी आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुतल्या जाऊ लागल्या. झाडूऐवजी ओले फडके. फोडणीच्या आधी एक्झॉस्ट. कॉइल बंद झाली आणि खिडक्यांना जाळ्या व पलंगाला मच्छरदाणी आली.

देवघराचा विषय मी काढणे बरे दिसले नसते, म्हणून बहिणीनेच सासूबाईंना मापक हातात दिला आणि उदबत्ती लावायला सांगितली. त्यांनी आकडा चढताना पाहिला, काही वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, “माझ्या दम्याला हीच उदबत्ती होय गं? मग तुपाचं निरांजन पुरे. धूप गुरुवारी, तोही गॅलरीत.” तो निर्णय आजवर टिकला आहे. वॉचमनकाकांसाठी सोसायटीच्या चौघांनी मिळून १,४०० रुपयांचा छोटा विजेचा हीटर केबिनमध्ये बसवला. त्या रात्रीपासून साडेअकराचा उंचवटा नोंदीतून नाहीसा झाला. या संपूर्ण प्रकरणात रुपयामागे सर्वाधिक काम कोणत्या खर्चाने केले असे मला कोणी विचारले, तर मी त्या हीटरकडे बोट दाखवीन.

तीन आठवड्यांनंतर मुलाच्या खोलीत रात्रीचा आकडा १८ ते २२ वर आला आणि खोकल्याच्या रात्री आठवड्यात पाचांवरून एक-दोनवर आल्या. पण सर्व उपाय एकदम केल्यामुळे कोणाचे श्रेय कोणाला, हे सांगता येईना. शिवाय डॉक्टरांनी त्याच सुमारास नाकाचा स्प्रेही सुरू केला होता. म्हणून जानेवारीत बहिणीच्या संमतीने आणि डॉक्टरांना विचारून, बाकी सर्व तसेच ठेवून, दहा रात्री यंत्र बंद ठेवले. खोलीतला आकडा ४५ ते ५० वर गेला, म्हणजे यंत्राचे काम खरे होते आणि लक्षणीयही होते. खोकला मात्र वाढला नाही. दहा रात्रींवरून वैद्यकीय निष्कर्ष काढू नये एवढे मला समजते, आणि बारीक कण खोकला न आणताही फुप्फुसांना व हृदयाला अपाय करतात हे तर प्रस्थापित आहे. त्यामुळे अकराव्या रात्री यंत्र पुन्हा सुरू झाले.

पैशाचा हिशेब

पाच वर्षांचा हिशेब मांडताना यंत्रासोबत येणारा पहिला फिल्टर सोडून वर्षाला एक याप्रमाणे चार फिल्टर धरले. महागडे यंत्र ४२,९०० आणि ६,२०० चे चार फिल्टर मिळून ६७,७००. शेजाऱ्यांचे ११,५०० आणि २,६०० चे चार मिळून २१,९००. चाळीस वॉटचे यंत्र रोज दहा तास चालले तर महिन्याला बारा युनिट जातात, त्यामुळे विजेचा फरक सोडून दिला तरी चालतो. जवळपास ४६,००० रुपये जास्त देऊन निम्म्याहून कमी हवा मिळत होती. त्या फरकाच्या रकमेत सासूबाईंच्या खोलीसाठी दुसरे यंत्र आले असते, त्याचे पाच वर्षांचे फिल्टर आले असते, आणि गाद्यांची आवरणे व जाळ्याही त्यातच बसल्या असत्या.

यंत्र परत करण्याची मुदत दहा दिवसांची होती आणि ती केव्हाच संपली होती. विकायला काढले तर निम्मी किंमतही येईना, म्हणून ते ठेवले. ज्याच्याकडे एकच लहान खोली आहे, ज्याची झोप सावध आहे, ज्याला पंखा आणि प्युरिफायर एकाच जागेत हवे आहेत आणि ज्याला ४६,००० रुपये जड नाहीत, त्याने असे यंत्र घ्यायला माझी हरकत नाही. पण तो आराम विकत घेतो आहे, जास्त शुद्ध हवा नव्हे, हे त्याने जाणून घ्यावे. ही गोष्ट प्युरिफायरपुरतीच नाही. याच घराच्या ओट्यावर पाणी शुद्ध करणारा १९,००० रुपयांचा आरओ आहे. सोसायटीला बाराही महिने महापालिकेचे, खडकवासल्याचे पाणी येते, आणि माझ्या टीडीएस-मापकावर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावर, ते लिटरला ९० मिलिग्रॅमही भरले नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात इष्ट मर्यादा ५०० आहे, आणि त्याखालच्या पाण्याला आरओची गरज नाही असे राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटले होते. तिथे गाळणी आणि अतिनील दिवा पुरला असता. मेहुण्यांनी तो आकडा पाहिला आणि म्हणाले, “दादा, एका महिन्यात एकच मशीन तपासा.”

फिल्टरचा दिवा

मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे खरेदीनंतर सातव्या महिन्यात, यंत्रावर फिल्टर बदलण्याचा लाल दिवा लागला. खोक्यावर आयुष्य बारा महिन्यांचे लिहिलेले होते. सेवा केंद्राला फोन केल्यावर उत्तर मिळाले की यंत्र चोवीस तास चालले तर असे होते, आणि नवा फिल्टर साठ्यात नसल्याने आगाऊ पैसे भरून ठेवावेत. माहितीपुस्तिका नीट वाचली तेव्हा कळले की हा दिवा यंत्र किती तास चालले हे मोजून लागतो, फिल्टर किती भरला हे पाहून नव्हे. वारज्याची धूळ आणि महाबळेश्वरची हवा त्याला सारखीच.

बहिणीला मी आगाऊ पैसे भरू नकोस असे सांगितले आणि रविवारी पुन्हा उदबत्ती लावली. तीच खोली, पंखा एकवर, मापक उशीवर. २४० वरून २४ वर यायला ३१ मिनिटे लागली. डिसेंबरमध्ये २९ लागली होती. फिल्टरचा बाहेरचा जाळीचा थर व्हॅक्यूम क्लीनरने झटकून तोच पुन्हा बसवला आणि दिवा बटण दाबून विझवला. जूनच्या पावसानंतर गॅलरीतला आकडा वीसच्या खाली आल्यावर यंत्र बंद करून चादरीत गुंडाळले आहे. पुढची चाचणी ऑक्टोबरच्या अखेरीस. वेळ चाळीस मिनिटांच्या पुढे गेली तर फिल्टर मागवायचा, असे बहिणीने कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवले आहे.